पडद्यावरचा रस्ता

कोल्हापूरच्या दक्षिणेस, गारगोटीच्या वाटेवर, कळंब्याचा तलाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानाने शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी तो बांधविला. त्याच्या बांधावर निसर्गचित्रण करीत बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी एखादा समोरचे पाणी सोडून मोबाईलमधल्या छायाचित्रावरून तेच पाणी रंगवू लागला, की जाणकार म्हणविणारे नाक मुरडतात आणि ही नक्कल आहे, कला नव्हे, असा निवाडा देऊन मोकळे होतात. अमेरिकेत चित्रकार चक क्लोज याने १९६७-६८ मध्ये स्वतःच्या छायाचित्रावर चौकटी आखून, दाढीचे खुंट आणि ओठांतली सिगारेटसुद्धा न वगळता, सुमारे नऊ फूट उंचीचा आपला चेहरा रंगविला, तेव्हा त्याच्या अतियथार्थ संप्रदायावरही हाच आक्षेप आला.

कोल्हापुराला मात्र हा वाद अपरिचित वाटण्याचे कारण नाही. बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०–१९५४), ज्यांना लोकांनी पुढे पेंटर म्हणूनच ओळखले, आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे कसबी कारागिरांच्या घराण्यातले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पायरी न चढता या दोघांनी जे नाव मिळविले, ते प्रथम नाटकमंडळ्यांच्या पडद्यांवर. पडदा रंगविणे हे काम वाटते तितके सोपे नव्हे. कापडाचे पट्टे जोडून शिवायचे, त्यावर सरस आणि खडूचा हात द्यायचा, चौकटी आखून लहान कच्चे चित्र मोठे करायचे, आणि मग राजमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यांच्या रेषा दूरच्या एकाच बिंदूकडे अशा ओढत न्यायच्या की पिटातल्या प्रेक्षकाला सपाट कापडाच्या पोटात कोसभर लांबीचा रस्ता दिसावा. नट बोलता बोलता पडद्याच्या फार जवळ गेला, तर मागच्या दुमजली वाड्याहून उंच दिसे आणि सारा भ्रम तिथेच फुटे. तेव्हा नटाने कुठवर मागे सरावे, हेही एका परीने रंगाऱ्याच्याच हाती होते.

आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० च्या ‘सैरंध्री’त भीमाने केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब दाखविला की प्रेक्षकगृहात स्त्रियांना भोवळ आली आणि सरकारी हुकुमाने तो भाग काढून टाकावा लागला. हुबेहूबपणाला याहून मोठी दाद मिळणे कठीण. परंतु माझ्या मते तो बाबूरावांच्या कलेचा उत्कर्ष नव्हे. ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) अंधुक उजेडातली एक झोपडी आणि ओरडणारे एक कुत्रे एवढ्यावर त्यांनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे दैन्य उभे केले. तपशील गोळा करण्याची ताकद ज्याच्या अंगी पुरेपूर होती, त्यानेच तो तिथे बुद्ध्या टाकून दिला.

कोल्हापूरचेच चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांची गोष्ट याच्याही पुढची. जे. जे. मधल्या त्यांच्या अभ्यासचित्रांत छायाप्रकाशाचा एकही कण निसटत नाही. शाहू महाराजांच्या दरबारी नेमणुकीत असतानाही व्यक्तिचित्रात हात तसाच काटेकोर. कोल्हापुरातल्या कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून त्यांनी जी निसर्गचित्रे काढली, त्यांत मात्र पाने मोजता येत नाहीत. पाण्यावरचे ऊन तेवढे खरे वाटते.

कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्रमुख हॅवेल आणि त्यांच्या मागून बंगाली चित्रसंप्रदाय यांनी हुबेहूब चित्रणाच्या या पाश्चात्त्य पद्धतीला परकी नकलेत जमा केले, आणि १९४७ मध्ये मुंबईस स्थापन झालेल्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाने तिला जुनाट ठरविले. दोघांच्याही आक्षेपात तथ्य होते, कारण फर्माइशी तसबिरींचा रतीब घालणारे कलावंत तेव्हा थोडे नव्हते. पण त्यांचा दोष हा की त्यांनी पद्धतीलाच आरोपी केले. चित्रकाराने काय पाहिले, कोणत्या वस्तूपाशी थांबला आणि कोणती गाळली, हा खरा प्रश्न. आणि तो क्लोजच्या सिगारेटलाही विचारावा लागतो, कळंब्याच्या त्या विद्यार्थ्यालाही. क्लोज या कसोटीला उतरतो, असे मला वाटते, कारण कॅमेऱ्याच्या डोळ्याला चेहऱ्याची कणव नसते, हेच त्याने रंगविले आहे. तंतोतंत मोटार रंगवून थांबणारे त्याचे कित्येक अनुयायी उतरत नाहीत.

पेंटर बंधूंच्या पडद्यांची अशी परीक्षा घेण्याची सोय मात्र राहिली नाही. गुंडाळून गावोगाव नेलेल्या कापडावरचा रंग खपल्याखपल्यांनी गळतो, आणि नव्या नाटकाला नवा पडदा लागायचाच.