पांगुळगाडा



परवा माळा आवरताना पांगुळगाडा सापडला. तीन लाकडी चाकं, उभी चौकट, धरायला आडवी दांडी. रंग पार उडालेला. आमच्या घरातली तीन पिढ्यांची मुलं हा गाडा ढकलत ढकलत पाऊल टाकायला शिकली. लेकीनं विचारलं, "आता ठेवायचा कशाला?" मी काही बोलले नाही, पुसून कोपऱ्यात ठेवून दिला. त्या गाड्याशी माझी एक चूक बांधलेली आहे. आज ती लिहिते. ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी घेतली आहे. नाव मात्र लिहीत नाही.

माझ्या धाकट्या भावाचा हा मुलगा, 1984 सालचा. दिवस पूर्ण भरायच्या आधीच जन्मलेला, पण गोरागोमटा आणि हसरा. आठव्या महिन्यापासून खुळखुळा, चमचा, बिस्किट, सगळं डाव्या हातानं घ्यायचा. उजव्या हाताची मूठ बहुतेक वेळ मिटलेली. घरात सगळे कौतुकानं म्हणायचे, "डावखुरा होणार बरं का!" वर्ष झालं, सव्वा वर्ष झालं, तरी पठ्ठ्या उभा राहीना. पांगुळगाडा आणला तर एकाच हातानं धरायचा आणि गाडा गोल फिरायचा. आम्ही हसायचो.

वहिनीच्या मनात शंका होती. ती मला म्हणाली, "वन्सं, डॉक्टरांना दाखवू या का?" घरात शिकलेली मीच, त्यात मास्तरीण. माझा शब्द चालायचा. मी म्हटलं, "अगं, याचे बाबाही उशिराच चालले. होईल हळूहळू."

तो दोन वर्षांचा होता होता चालला, पण उजवा पाय ओढत आणि टाच उचलून. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिसरं सरत आलं होतं. जन्माच्या आसपास मेंदूच्या एका बाजूला इजा झाली होती. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की एवढ्या लहान वयात कुठलंच मूल डावखुरं नसतं. वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताला काय झालंय ते बघायचं असतं. व्यायाम लवकर सुरू झाले असते तर इजा काही पुसली गेली नसती, पण पोटरीचा स्नायू इतका आखडला नसता. वहिनीनं तेव्हा माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मला जास्त लागलं.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा एकच प्रश्न डोक्यात होता. मुलाला 'उशीर झाला' हे माणसानं ठरवलं तरी कसं?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा आयुर्वेदातला ग्रंथ. त्याची खंडित पोथी नेपाळात मिळाली आणि 1938 साली ती छापून आली. त्यात 'फक्क' नावाचा रोग सांगितला आहे. वर्षाचं होऊनही जे मूल पायांनी चालत नाही ते फक्क. त्याचे तीन प्रकार मानले आहेत, दुधाच्या दोषामुळे होणारा, आई पुन्हा गरोदर राहिल्यामुळे होणारा आणि आजारामुळे होणारा. आणि उपायांमध्ये काय असावं? कारागिराकडून करवून घेतलेला तीन चाकांचा रथ, मुलाला चालायचा सराव देण्यासाठी! म्हणजे आमच्या माळ्यावरचाच गाडा. वर्षाची मर्यादा आज आपण इतकी कडक धरत नाही, पण वाट पाहायलाही मर्यादा असते हे त्या वैद्यांना कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

लंडनच्या विल्यम लिटल या डॉक्टरांनी 1861 साली तिथल्या प्रसूतितज्ज्ञांपुढे एक निबंध मांडला. अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना श्वास कोंडणं आणि पुढे मुलाचे हातपाय ताठर होणं यांचा संबंध त्यांनी दाखवला. आज याची आणखीही कारणं माहीत आहेत. लिटल यांचं स्वतःचं पाऊल लहानपणापासून वाकडं होतं, ते शस्त्रक्रियेनं सुधारलं. पाय ओढत चालणं काय असतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आज ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्याला पुढे कित्येक वर्षं 'लिटलचा आजार' म्हणत.

मग आले अमेरिकेतले आर्नल्ड गेझेल. हे आधी शाळामास्तर होते, म्हणून मला जवळचे वाटतात. येल विद्यापीठात त्यांनी 1911 साली बालविकासाचं केंद्र सुरू केलं आणि पुढे शेकडो बाळांचं चित्रीकरण करून कोणत्या महिन्यात बाळ काय करतं याची वेळापत्रकं बनवली. 1929 साली त्यांनी आणि हेलन थॉम्प्सन यांनी जुळ्या बहिणींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकीला 46 आठवड्यांची असल्यापासून सहा आठवडे जिना चढायला शिकवलं. दुसरीला 53 व्या आठवड्यापासून फक्त दोन आठवडे. दुसरीनं पहिलीला जवळजवळ गाठलं. शरीर पिकलं की मूल आपोआप शिकतं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

माझं 'होईल हळूहळू' याच जातीचं होतं. पण त्या दोन्ही मुली निरोगी होत्या, हे मी विसरले. पिकण्याची वाट निरोगी फळाची पाहायची. देठालाच काही झालं असेल तर ते बघावं लागतं.

वेळापत्रकांचा एक तोटाही झाला. सरासरी हीच लोकांना अट वाटू लागली. आम्हा शिक्षकांना हे लगेच समजतं. वर्गाची सरासरी 55 आली म्हणून 50 वाल्याला कुणी नापास करत नाही. उत्तीर्ण होण्याची रेघ वेगळी असते. ही रेघ डेन्व्हर शहरातल्या फ्रँकेनबर्ग आणि डॉड्स यांनी 1967 साली आपल्या तक्त्यात नीट दाखवली. प्रत्येक कौशल्यासाठी एक आडवी पट्टी. 25, 50, 75 आणि 90 टक्के मुलं ते कोणत्या वयात करतात हे त्या पट्टीवर दिसायचं.

पण ती मुलं डेन्व्हरची. आपल्या मुलांचं काय? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी एक ते तीस महिन्यांच्या भारतीय बाळांचा अभ्यास केला. तो 1970 साली प्रसिद्ध झाला. त्यातूनच पुढे भारतीय बाळांसाठीची विकासचाचणी तयार झाली. तीत हालचालींच्या 67 आणि बुद्धीच्या 163 बाबी आहेत. हे वाचून मला अभिमान वाटला आणि हळहळही. आमचं बाळ जन्मण्याआधी चौदा वर्षं हे काम झालेलं होतं!

2006 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या 816 निरोगी मुलांवरून मर्यादा प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने. स्वतः चालणं 8.2 ते 17.6 महिने. केवढी मोठी खिडकी! सुमारे 4 टक्के मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा शेजारणीचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं म्हणून जीव टांगणीला लावू नये. पण खिडकीला दुसरी चौकटही असते.

ती चौकट मी वहीत लिहून ठेवली आहे, तुम्हीही ठेवा. चार महिने पूर्ण होऊन मान धरत नाही. नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. अठरा महिने झाले तरी चालत नाही. आणि काही गोष्टींना तर तारखेची वाट बघायचीच नाही. वर्षाच्या आत एकच हात वापरणं, एक बाजू कमी हलणं, अंग फार ताठ किंवा फार सैल लागणं, सतत चवड्यांवर चालणं, आणि येत असलेली गोष्ट येईनाशी होणं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वयातून वजा करून मोजायचं. पण आत्ताच सांगितलेल्या खुणांना ही सूट नाही.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्यांत केंद्रं आहेत. शंका अंगणवाडीताईंना किंवा डॉक्टरांना सरळ विचारावी. आणि एक, बाजारात बाळाला आत बसवायचा चाकांचा वॉकर मिळतो, तो घेऊ नका. त्यानं चालणं लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडानं 2004 साली त्याच्यावर बंदीच घातली.

आता शेवटचं. 2017 साली त्याच भाच्याचा फोन आला. त्याची मुलगी सोळा महिन्यांची झाली होती आणि चालत नव्हती. "आत्या, थांबू का गं?" माझ्या घशाशी आवंढा आला. म्हटलं, "नाही रे बाबा, उद्याच दाखव." डॉक्टरांनी तिला जमिनीवर सोडलं, खेळणी दिली, दोन्ही हात पाहिले, पायांचा जोर पाहिला. म्हणाले, सगळं ठीक आहे, अठरा महिन्यांपर्यंत नाही चालली तर पुन्हा या. पंधरवड्यानं ती चालली. घरातले मला हसले, "आत्याबाईंनी उगाच घाबरवलं." हसू देत. उगाच दाखवलं म्हणून एक सकाळ गेली. न दाखवल्यामुळे काय जातं ते मी पाहिलेलं आहे.

वहिनी गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तिची शंका खरी होती, हे तिला तोंडानं सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. म्हणून आपल्या घरातल्या सगळ्या सुना-लेकींना सांगते, बाळाच्या आईला वाटतंय ना की काहीतरी वेगळं आहे, मग घरातल्या शहाण्यांचं ऐकत बसू नका. माझंसुद्धा.

असो. गाडा कोपऱ्यातच राहू दे म्हणते.