मांडीवरचे चौघे

जुलै महिना, अमेरिकेतल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी. मोठ्या माणसाबरोबर जाणाऱ्या मुलांना नाममात्र भाड्यात नेण्याची योजना त्या दिवसांत युनायटेड एअरलाइन्सने काढली होती. त्यामुळे 19 जुलै 1989 ला डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या फ्लाइट 232 मध्ये एरवीपेक्षा बरीच जास्त मुलं होती. विमानात एकूण माणसं 296, त्यांतली 52 मुलं. त्यांपैकी चौघांना स्वतःची सीट नव्हती. तिघांना दोन वर्षं पुरी व्हायची होती, एक 26 महिन्यांचं होतं. ते चौघं आईबापांच्या मांडीवर बसून निघाले; दोन वर्षांखालच्या मुलांना नियमानेच तशी मुभा होती.

वैमानिकांच्या असामान्य कौशल्याचं उदाहरण म्हणून ही गोष्ट जगभर सांगितली जाते, आणि तो मान त्यांना मिळायलाच हवा. मला मात्र ती त्या चौघांच्या बाजूने सांगायची आहे. विमानातल्या प्रत्येकासाठी काही ना काही तजवीज होती. त्यांच्यासाठी काय होतं, हे घड्याळ पुढे सरकेल तसं दिसत जातं. खालच्या सगळ्या वेळा आयोवा राज्यातल्या आहेत.

1971, वर्षाची अखेर. उरलेला वेळ: साडेसतरा वर्षांहून जास्त

जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात टायटॅनियमची एक चकती तयार झाली. वजन सुमारे 168 किलो. इंजिनाच्या तोंडाशी जो मोठा पंखा फिरतो त्याची पाती या चकतीत बसवलेली असतात. धातू वितळवताना तिच्यात एक बारीक, कठीण, ठिसूळ डाग राहून गेला. तो कुणाला दिसला नाही. ही चकती डीसी-10 विमानाच्या शेपटीतल्या इंजिनात बसली आणि प्रत्येक उड्डाणाबरोबर त्या डागापासून निघालेली चीर केसाकेसाने वाढत गेली.

1988. उरलेला वेळ: वर्षभराहून थोडा अधिक

चकती उतरवून तपासली गेली. चमकणारा द्रव लावून चिरा शोधायची पद्धत होती. अपघाताच्या चौकशीत पुढे निष्कर्ष निघाला, की त्या दिवशी चीर पृष्ठभागावर जवळजवळ अर्धा इंच लांब होती आणि ती दिसायला हवी होती. चकती पुन्हा कामावर गेली.

दुपारी 2.09. उरलेला वेळ: 1 तास 51 मिनिटं

विमान डेन्व्हरच्या धावपट्टीवरून उठलं. आकाश स्वच्छ. कॅप्टन आल्फ्रेड हेन्स, वय 57. सोबत सहवैमानिक विल्यम रेकॉर्ड्स आणि फ्लाइट इंजिनिअर डडली ड्व्होरॅक. केबिनमध्ये आठ कर्मचारी, त्यांच्या प्रमुख जॅन ब्राउन. 37,000 फुटांवर पोचल्यावर जेवण वाढलं गेलं.

3.16. उरलेला वेळ: 44 मिनिटं

मोठा स्फोटासारखा आवाज. चकती फुटली होती आणि तिचे तुकडे शेपटीतून आरपार गेले होते. इंजिन बंद पडणं हे संकट खरं, पण डीसी-10 उरलेल्या दोन इंजिनांवर उडू शकतं. घात वेगळ्याच ठिकाणी झाला होता. विमानाच्या सुकाणूला बळ देणाऱ्या हायड्रॉलिक तेलाच्या तीन स्वतंत्र यंत्रणा होत्या. एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी, असा हिशेब. पण तिन्हींच्या नळ्या शेपटीत त्याच इंजिनाजवळून जात होत्या आणि तिन्ही एकाच वेळी तुटल्या. काही मिनिटांत तेल शून्यावर आलं. रेकॉर्ड्स सुकाणू एका बाजूला पूर्ण वळवून बसले होते आणि विमान दुसऱ्या बाजूला कलत होतं. हेन्सनी डाव्या इंजिनाचा जोर कमी केला, तेव्हा कुठे उजवा पंख हळूहळू वर आला.

असं विमान कसं उडवायचं हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी, 12 ऑगस्ट 1985 ला, जपान एअरलाइन्सच्या फ्लाइट 123 चं तेल असंच गेलं होतं. तेही सुट्टीचेच दिवस होते, ओबोनच्या सणासाठी लोक गावी निघाले होते. 524 पैकी 4 जण वाचले.

3.20. उरलेला वेळ: 40 मिनिटं

मदतीची हाक गेली. मिनियापोलिसच्या नियंत्रकाने आधी डि मॉइनचा विमानतळ सुचवला. दोन मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं, की विमान आपल्याआपण आयोवातल्याच सू सिटीच्या दिशेने चाललंय. तिकडे जाता का, असं त्याने विचारलं. हो, असं उत्तर आलं.

3.29. उरलेला वेळ: 31 मिनिटं

पहिल्या वर्गात डेनिस फिच नावाचे प्रवासी बसले होते. ते युनायटेडचेच, डीसी-10 वर वैमानिकांना प्रशिक्षण देणारे. मी काही मदत करू का, असा निरोप त्यांनी पाठवला. हेन्सनी ताबडतोब आत बोलावलं. मग फिच दोन सीटांच्या मधे गुडघ्यांवर बसले, दोन हातांत दोन इंजिनांचे थ्रॉटल घेऊन. डाव्याला जोर, उजव्याला कमी, पुन्हा उलट. विमान नाक खाली घालायचं, वेग घ्यायचं, नाक वर काढायचं, आणि सारखं उजवीकडे ओढ घ्यायचं.

साडेतीन उलटून गेल्यावर. उरलेला वेळ: अर्ध्या तासाच्या आत

कॅप्टननी जॅन ब्राउनना बोलावून केबिन तयार करायला सांगितलं. त्या बाहेर आल्या आणि घबराट होऊ नये म्हणून सहकाऱ्यांना एकेकट्याला गाठून सांगत गेल्या. जेवणाचे ट्रे गोळा झाले, ट्रॉल्या कुलपात गेल्या. पेन, चष्मे, उंच टाचांचे बूट काढा. पट्टे घट्ट करा. डोकं खाली घालून कसं वाकायचं ते दाखवलं गेलं.

मग लहानग्यांचा प्रश्न आला. वैमानिकांच्या पुस्तकात या संकटावर काहीच उत्तर नव्हतं. केबिनच्या शिकवणीत मात्र बाळांसाठी उत्तर होतं: मूल ब्लँकेटात गुंडाळून आपल्या पायांशी जमिनीवर ठेवा, वाकताना हातांनी दाबून धरा. ब्राउननी ते सांगितलं. सांगता सांगताच ते किती निरर्थक आहे हे आपल्याला कळत होतं, असं त्यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. ज्या विमानात कॉफीचं भांडंही खणात अडकवून ठेवायचा दंडक आहे, तिथे चार मुलं जमिनीवर मोकळी ठेवली गेली.

पुढचं चौकशी अहवालात आहे आणि सीटच्या नंबरांसकट आहे. 11एफ वरच्या आईची मुलगी 11 महिन्यांची. ती किंचाळत होती, उठून उभी राहू पाहत होती, जमिनीवर राहीच ना. 22ई वरच्या आईचा मुलगा 23 महिन्यांचा. ती आई कर्मचाऱ्यांना पुन्हा पुन्हा विचारत होती: माझं मूल खाली आहे, मग मी नेमकं कसं वाकू? हे वाचताना मी दर वेळी थांबते. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि तेव्हा साऱ्या विमानवाहतुकीत त्याला उत्तर नव्हतं.

3.42 ते 3.49. उरलेला वेळ: 18, मग 11 मिनिटं

ड्व्होरॅक मागे जाऊन शेपटीची हानी पाहून आले. चाकं पर्यायी पद्धतीने खाली सोडली.

3.52. उरलेला वेळ: 8 मिनिटं

आम्हाला शहरापासून लांब ठेवा, अशा अर्थाची सूचना हेन्सनी नियंत्रकाला केली. खाली सू सिटीत नशिबाने, आणि पूर्वतयारीनेही, बरंच काही जुळून आलं होतं. दोन्ही मोठ्या रुग्णालयांत पाळी बदलायची वेळ, त्यामुळे दुप्पट माणसं हजर. विमानतळावर एअर नॅशनल गार्डचे 285 जवान कामावर. दोन वर्षांपूर्वी गावाने अशाच अपघाताचा सरावही केलेला.

3.58. उरलेला वेळ: 2 मिनिटं

9,000 फुटांची धावपट्टी ठरली होती, पण विमान येत होतं 6,600 फुटांच्या, वापरातून काढलेल्या धावपट्टीच्या रोखाने. त्याच पट्टीवर अग्निशमनाच्या गाड्या उभ्या होत्या. त्या घाईने बाजूला घेतल्या. केबिनमध्ये वाकण्याचा इशारा झाला.

4.00

एरवी हे विमान ताशी 260 किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरतं. त्या दिवशी वेग होता 215 नॉट, म्हणजे जवळजवळ 400 किलोमीटर, आणि खाली यायचा वेग मिनिटाला 1,620 फूट. शेवटच्या क्षणी उजवा पंख कलला. आधी तो टेकला, मग उजवी चाकं. शेपटी तुटली, कॉकपिट तुटून वेगळं पडलं, मधला भाग पेट घेत उलटा होऊन मक्याच्या शेतात गेला.

दहा किलोचं मूल अशा धक्क्यात, वेग दहापट गुरुत्वाने तुटला तर, शंभर किलोंच्या ताकदीने हातातून निसटतं. कितीही बळकट, कितीही प्रेमाचे हात असोत, ते पुरत नाहीत. 14जे वरच्या आईचा मुलगा हवेत उडाला. तिने त्याला कसाबसा झेलून पुन्हा दाबून धरला. 11एफ आणि 22ई वरच्या आयांच्या हातून मुलं सुटली आणि धुरात त्यांना ती सापडेनात.

जेरी शेमेल हे प्रवासी बाहेर पडून शेतात पोचले होते. त्यांना आतून रडणं ऐकू आलं. ते जळत्या विमानात परत शिरले आणि उलट्या झालेल्या केबिनमध्ये सामानाच्या कप्प्यातून 11 महिन्यांची ती मुलगी घेऊन आले.

22ई वरची आई मुलासाठी परत विमानात शिरायला निघाली तेव्हा तिला अडवायला समोर जॅन ब्राउन उभ्या होत्या. तुम्ही सांगितलंत म्हणून मी त्याला खाली ठेवला, असं ती त्यांना म्हणाली. मुलाचा जीव धुराने गुदमरून गेला. आघाताने नव्हे, धुराने, हा तपशील अहवालात आहे आणि तो महत्त्वाचा आहे, कारण आईला सापडला असता तर मुलगा तिच्याबरोबर बाहेर येऊ शकला असता.

त्यानंतर

112 माणसं गेली, त्यांत 11 मुलं. 184 वाचली. चुरगळलेलं कॉकपिट ओळखायलाच अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला, पण आतले चौघेही जिवंत होते. चकतीचे तुकडे ऑक्टोबरमध्ये, मक्याची कापणी सुरू झाल्यावर, आल्टा गावाजवळच्या शेतात मिळाले. टायटॅनियमच्या चकत्यांची तपासणी सुधारली. हायड्रॉलिकच्या नळ्या फुटल्या तर तेल अडवून धरणारी झडप डीसी-10 मध्ये आली. म्हणजे चकतीपासून शिकलं गेलं, नळ्यांपासून शिकलं गेलं.

मे 1990 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने शिफारस केली, की बाळांसकट प्रत्येक प्रवासी स्वतःच्या सीटवर बांधलेला असावा. विमानवाहतूक प्रशासनाने ती मानली नाही. 1995 साली त्यांनी संसदेपुढे कारण मांडलं: बाळाचंही पूर्ण तिकीट घ्यावं लागलं तर काही कुटुंबं विमान सोडून मोटारीने जातील, रस्ता विमानापेक्षा फार धोक्याचा, म्हणून एकूण बळी वाढतील. 2005 मध्ये हाच युक्तिवाद कायम ठेवून विषय मिटवला गेला. जॅन ब्राउन वर्षानुवर्षं संसदेच्या समित्यांपुढे, पत्रकारांपुढे बोलत राहिल्या.

त्या युक्तिवादात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. डेन्व्हर ते शिकागो मोटारीने जाता येतं आणि तो रस्ता खरंच जास्त जीवघेणा आहे. पण न्यू जर्सीहून मुंबईला, सॅन फ्रान्सिस्कोहून पुण्याला मोटार जात नाही. डिसेंबरात आजीआजोबांना नातू दाखवायला निघालेल्या आपल्या मुलांसमोर दुसरा रस्ताच नसतो, तेव्हा तो हिशेब त्यांना लागूच होत नाही. उलट पंधरा-सोळा तासांच्या त्या प्रवासात मूल सलग मांडीवर असतं आणि विमान अचानक हादरण्याचा प्रसंग अपघातापेक्षा कितीतरी अधिक वेळा येतो.

आपल्याकडे दोन वर्षांखालच्या बाळाला आईच्या पट्ट्यात ओवलेला छोटा पट्टा देतात. अमेरिकेत तो उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी चालत नाही, कारण जोराच्या धक्क्यात मूल मोठ्या माणसाच्या पोटाखाली चिरडतं. समोरच्या भिंतीला लावायचा पाळणा झोपेसाठी चांगला, पण उड्डाण-उतरण्याच्या वेळी बाळाला त्यातून काढावंच लागतं. खरा उपाय म्हणजे बाळाच्या नावाची सीट आणि तिच्यावर विमानासाठी मान्यता असलेली मुलांची सीट. मान्यतेची नोंद सीटवरच छापलेली असते. रुंदी विमानाच्या सीटमध्ये मावते का ते आधी मोजावं, ती आणतो आहोत हे विमानकंपनीला तिकीट काढतानाच कळवून होकार लेखी घ्यावा, कारण प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे. ती बहुधा खिडकीशी बसवावी लागते, म्हणजे कुणाची बाहेर पडायची वाट अडत नाही. वर्ष उलटलेल्या, 10 ते 20 किलोंच्या मुलासाठी सीटच्या पाठीला अडकवायचा केअर्स नावाचा पट्टाही आहे. 2006 साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. तो वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास भरतो आणि हातातल्या पिशवीत मावतो.