जर्मनीचे निळे स्वयंसेवक

जर्मनी म्हटले की यंत्रे, कारखाने आणि दोन महायुद्धे एवढेच बहुधा आठवते. त्या देशात आठवड्याच्या एखाद्या सायंकाळी सुतार, गवंडी, विद्यार्थी आणि कारकून निळा गणवेश चढवून एकत्र जमतात, पाणी उपसण्याचे पंप चालवून पाहतात, दोरखंड बांधण्याचा सराव करतात आणि रात्री आपापल्या घरी परततात, ही गोष्ट दूरदेशी फारशी कोणास ठाऊक नसते. त्यांच्या संस्थेचे नाव ‘टेक्निशेस हिल्फ्सवेर्क’, म्हणजे तांत्रिक मदतसंस्था. ती सरकारी आहे आणि तिची यंत्रसामग्री संघराज्याच्या खर्चाने येते. परंतु तिच्या साडेसहाशेंहून अधिक शाखांतून राबणाऱ्या ऐंशी हजारांवर माणसांपैकी पगारी नोकर शेकडा दोन-तीनच आहेत.

या संस्थेची कुळकथा मात्र निष्कलंक नाही, आणि करारबद्ध मजुरांच्या वंशजांनी ती अवश्य पाहून घ्यावी अशी आहे. पहिले महायुद्ध हरल्यावर जर्मनीत संपांचे पेव फुटले. तेव्हा इ. स. १९१९ मध्ये ओटो लुमिच नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने ‘टेक्निशे नोटहिल्फे’ ही संघटना उभी राहिली. संप झाला तरी वीज, पाणी आणि गॅस बंद पडू नये म्हणून तिचे स्वयंसेवक संपकऱ्यांच्या जागी जाऊन यंत्रे चालवीत. पूर आला, आग लागली, तर तेथेही ते धावत. रुग्णालयातील दिवे जळत राहावेत या हेतूला कोणी नावे ठेवणार नाही. परंतु कामगारांच्या दृष्टीने ही माणसे संपफोडे होती. मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर एक दिवस गैरहजर राहिल्याबद्दल एकेकाळी दोन दिवसांची मजुरी कापली जात असे. ज्यांच्या पणजोबांनी ती सोसली, त्यांना जर्मन कामगाराचा हा राग समजावून सांगण्याचे कारण नाही.

पुढे नाझींनी सत्ता बळकावली. लुमिच यांची पत्नी अंशतः ज्यू वंशाची होती. तिला सोडण्यास त्यांनी नकार दिला व १९३४ मध्ये त्यांना आपल्याच संघटनेतून जावे लागले. संघटना पोलिसांच्या दावणीला बांधली गेली आणि १९४५ च्या पराभवानंतर दोस्त राष्ट्रांनी ती मोडीत काढली. पाच वर्षांनी, २२ ऑगस्ट १९५० रोजी, पश्चिम जर्मनीचे गृहमंत्री गुस्टाफ हाइनेमान यांनी नव्या संस्थेच्या उभारणीचे काम सोपविले ते पुन्हा याच लुमिच यांच्याकडे! कामगार संघटनांनी लागलीच संशय घेतला की जुनाच संपफोड्या नवा अंगरखा घालून आला आहे. तो संशय अवास्तव नव्हता, आणि शब्दांनी तो फिटण्यासारखाही नव्हता.

त्याचे उत्तर पाण्यात मिळाले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राला उधाण येऊन नेदरलँड्सचे बांध फुटले आणि त्या देशात १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. नव्या संस्थेचे स्वयंसेवक देशाबाहेर प्रथम गेले ते या वेळी. जर्मन सैन्याने पाच वर्षे तुडविलेल्या त्या भूमीवरून शेवटचा जर्मन शिपाई जाऊन आठ वर्षेही झाली नव्हती. अशा भूमीवर जर्मन माणूस शस्त्रावाचून, मदतीसाठी उतरला, ही साधी घटना नव्हे.

नऊ वर्षांनी तोच समुद्र त्यांच्या स्वतःच्या घरात शिरला. १६ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री हॅम्बुर्गचे बांध साठांहून अधिक ठिकाणी फुटले. ३१५ माणसे दगावली, त्यांतील दोनशेंहून अधिक एकट्या विल्हेल्म्सबुर्ग भागात. युद्धातील बाँबवर्षावात घरे गमावलेली कितीतरी कुटुंबे तेथे बागांतील तकलादू झोपड्यांत दिवस काढीत होती. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १९६० मध्ये, कॅरोल वादळाने मॉरिशसमधील गवती आणि लाकडी घरे कशी उडवून दिली हे ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना संकट आधी कोणाचे दार ठोठावते हे सांगावयास नको. नगराचे पोलिसप्रमुख मंत्री हेल्मुट श्मिट यांनी, देशांतर्गत कामासाठी सैन्य वापरण्याची राज्यघटनेत स्पष्ट तरतूद नसतानाही, सैनिक व हेलिकॉप्टरे बोलाविली. त्यांच्या जोडीने निळ्या गणवेशातील स्वयंसेवक छपरांवर अडकलेली माणसे उतरवीत होते.

या स्वयंसेवकांना देवदूत ठरविण्याचे कारण नाही. संस्थेत ठरावीक वर्षे सेवा करण्याचे वचन देणाऱ्या तरुणास सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळे, आणि पुष्कळ तरुण त्या लोभानेच आले असतील. २०११ मध्ये सक्तीची भरती स्थगित झाली, तरी शाखा काही ओस पडल्या नाहीत. १९९० च्या कायद्याने स्वयंसेवकास संकटकाळी कामावरून पगारी रजा देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि त्या पगाराची भरपाई मालकास मागता येते. परोपकाराला पोटाचीही व्यवस्था लागते. ती व्यवस्था कायद्यात लिहून ठेवणे हे जर्मन शिस्तीचे खरे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

१९८५ च्या मेक्सिकोतील भूकंपाने एक उणीव दाखवून दिली. भूकंपग्रस्तांना वेळ थोडा असतो, आणि दूरदेशीची मदत उशिरा पोहोचते. महाराष्ट्रात किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, तेव्हाही पहिले हात शेजाऱ्यांचेच होते. मेक्सिकोच्या अनुभवानंतर जर्मनांनी १९८६ मध्ये शोधकुत्र्यांसह एक पथक सिद्ध केले. हाक येताच सहा तासांत विमानाने निघावयाचे, असा त्याचा नेम. तरीही २०११ च्या मार्चमध्ये ते जपानहून कोणासही जिवंत न काढता परतले.

२००२ मध्ये एल्बे नदीचा महापूर आला, तेव्हा संस्थेचे सुमारे २४ हजार स्वयंसेवक उतरले. १९९० च्या एकीकरणापूर्वी पूर्व भागात या संस्थेचे नावही नव्हते. १४ जुलै २०२१ च्या रात्री आर नदीच्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसे बुडाली. त्या वर्षीच्या पुरात सुमारे १७ हजार स्वयंसेवक खपले आणि त्यांनी वाहून गेलेल्या पुलांच्या जागी तात्पुरते पूल उभारले. सरकारवर रुष्ट असलेल्या काही मंडळींनी तेथेही त्यांना शिव्या दिल्या, त्यांच्यावर कचरा फेकला. निळा गणवेश सरकारचा, म्हणून राग त्याच्यावर! लुमिच यांच्या काळातील संशयाचे हे विपरीत रूपच म्हणावयाचे.

१९६१ च्या करारान्वये तुर्कस्तानातून हजारो मजूर जर्मनीत आले आणि त्यांची मुलेबाळे तेथेच रुजली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा निळे पथक किरिखान गावी पोहोचले. तेथे ‘इसार जर्मनी’ या दुसऱ्या स्वयंसेवी संस्थेने, निळ्या पथकाच्या साहाय्याने, शंभर तासांहून अधिक काळ ढिगाऱ्याखाली असलेल्या एका स्त्रीला जिवंत बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात ती निवर्तली. त्याच दिवशी सुरक्षिततेच्या भीतीने दोन्ही पथकांना शोधकार्य थांबवावे लागले, आणि मंडळी आपल्या सुतारकामाकडे, कचेऱ्यांकडे, वर्गांकडे परतली.