लंकेच्या परिवेणातील भारतीय विद्यार्थी

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष भारतातून सिंहलद्वीपातील अनुराधपूर येथे गेले. परंपरा अशी सांगते की, त्रिपिटकाचे मूळ पाठ भारतात असले तरी त्यांवरील अट्ठकथा लंकेत सिंहली भाषेत जतन झाल्या आहेत, त्या शिकून मागधीत आणाव्यात, असा त्यांच्या गुरूंचा आदेश होता. महाविहारातील भिक्षूंनी पोथ्या सहजासहजी त्यांच्या हाती दिल्या नाहीत. आधी दोन गाथा देऊन त्यांची परीक्षा घेतली, आणि त्या गाथांच्या विवरणातून ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ सिद्ध झाला. या कथेतील आख्यायिकेचा भाग वगळला तरी तिच्यातील एक संबंध महत्त्वाचा आहे. धर्म भारतातून लंकेत गेला. त्याचा अर्थ शिकण्यासाठी मात्र भारतीय पंडिताला लंकेत शिष्य व्हावे लागले.

हा संबंध विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा जुळून आला. मधल्या काळात भारताच्या बहुतेक भागांतून बौद्ध धर्म लोपला होता, आणि बुद्धाविषयीचे जे ज्ञान सुशिक्षितांपर्यंत पोहोचत होते ते प्रामुख्याने इंग्रजी ग्रंथांतून येत होते. ज्या ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली लंडनमध्ये पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली, त्यांनी स्वतः पालीचे धडे लंकेतील सरकारी नोकरीच्या काळात एका सिंहली भिक्षूकडे गिरवले होते. ज्ञानाचा झरा शेजारी असताना त्याचे पाणी युरोपला वळसा घालून येत होते.

हा वळसा टाळणाऱ्यांत धर्मानंद कोसंबी अग्रणी होत. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जुजबी, प्रकृती यथातथा. मराठी मासिकातील बुद्धचरित्राने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास करीत त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. बौद्ध धर्म जिवंत असेल या आशेने ते नेपाळात गेले. तेथे त्यांची निराशा झाली. तेथून बुद्धगया व कलकत्ता या मार्गाने १९०२ साली ते कोलंबोला पोहोचले. या भ्रमंतीची हकिगत त्यांनी ‘निवेदन’ (१९२४) या आत्मकथनात निरलंकृत शब्दांत सांगितली आहे.

कोलंबोतील विद्योदय परिवेण हे महाविद्यालय हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविरांनी १८७३ साली स्थापन केले होते. इंग्रजी राजवटीतील एका लहान, गरीब वसाहतीत जुन्या अध्यापनपद्धतीला नवे बळ देणारी ही संस्था होती. पाली आणि संस्कृत व्याकरण, कोश, त्रिपिटक व अट्ठकथा यांचे अध्ययन तेथे चाले, आणि पाठांतर हा त्याचा पाया असे. नवागत भारतीयाला पाली भाषा परकी वाटत नसे, परंतु ती ज्या लिपीत लिहिली जाई ती सिंहली लिपी त्याला अक्षरापासून शिकावी लागे. कोसंबींनी सुमंगलांकडून श्रामणेर दीक्षा घेतली, तेव्हा अध्ययनाबरोबर दिनचर्याही स्वीकारावी लागली. माध्यान्हीनंतर भोजन नाही, दात्याने दिलेल्या अन्नाची निवड नाही. ग्रंथातील विनयाचे नियम येथे रोजच्या जगण्यात दिसत होते.

पण जिवंत संस्कृती आदर्शाच्या साच्यात बसत नाही. सिंहली संघाची स्वतःची उपसंपदा-परंपरा खंडित झाली असताना १७५३ साली सयामहून भिक्षू आणून ती पुन्हा सुरू करण्यात आली होती. पुढे हीच उपसंपदा गोयिगम या उच्च मानलेल्या जातीपुरती मर्यादित झाली. तेव्हा इतर जातींतील भिक्षूंनी ब्रह्मदेशातील अमरपूर गाठून १८०३ मध्ये निराळी परंपरा आणली. जातिभेद नाकारणाऱ्या धर्माच्या शोधात आलेल्याला येथे जातीचीच सावली आढळावी, हा इतिहासातील विरोधाभास होय. त्याच इतिहासात आणखी एक गोष्ट दिसते: गुरुस्थानी असलेली लंकाही वेळोवेळी सयाम आणि ब्रह्मदेश यांची शिष्या झाली होती. कोसंबीही पुढे ब्रह्मदेशातील विहारांत जाऊन राहिले.

विद्योदयाकडे भारतातून येणारे ते एकटे नव्हते. कलकत्त्याचे सतीशचंद्र विद्याभूषण यांनीही सुमंगलांकडे अध्ययन केले. १९२७ मध्ये केलणियाजवळील विद्यालंकार परिवेणात रामोदार साधू, म्हणजेच पुढचे राहुल सांकृत्यायन, संस्कृत शिकवण्यासाठी गेले. दिवसाचा काही भाग ते भिक्षूंचे अध्यापक असत, उरलेला भाग त्यांचेच विद्यार्थी. त्यांच्या मागोमाग आनंद कौसल्यायन आणि जगदीश काश्यप आले. हिंदीतील मज्झिमनिकाय, जातक, दीघनिकाय यांची भाषांतरे या तिघांच्या परिश्रमाची फळे होत. आणि काश्यपांच्या संपादनाखाली १९५६ पासून नालंदेहून समग्र पाली त्रिपिटक नागरी लिपीत प्रसिद्ध झाले.

कोसंबींनी मराठीसाठी तेच केले. हार्वर्डसारख्या विद्यापीठात त्यांनी काम केले, तरी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ पासून सहा वर्षे पाली शिकवणे आणि सामान्य वाचकांसाठी मराठीत ग्रंथ लिहिणे हे त्यांना आपले खरे कार्य वाटले. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथातील मांसाहारविषयक प्रकरणावर वादळ उठले, तेव्हाही पाली ग्रंथांत जे आढळले ते सौम्य करण्यास ते तयार झाले नाहीत. श्रद्धेने शिकलेली विद्या चिकित्सेने सांगावयाची, हा त्यांचा बाणा होता.

१९४० साली मुंबईहून कोसंबींनी संपादिलेली ‘विसुद्धिमग्ग’ची नागरी आवृत्ती निघाली. लंकेच्या महाविहारात एका भारतीय शिष्याने रचलेला ग्रंथ लंकेच्याच परिवेणात शिकलेल्या दुसऱ्या भारतीय शिष्याने सुमारे दीड हजार वर्षांनी भारतीय वाचकाच्या लिपीत परत आणला. त्या नागरी अक्षरांमागे सिंहली अक्षरे गिरवणारा पंचविशीतला एक श्रामणेर होता.