काळ्या चबुतऱ्याची तालीम

आज नगरच्या भुईकोट किल्ल्याभोवती जे काही पसरलंय ते डोळ्यांपुढून पुसून टाका. तटबंदीचे दगडही काढा. ते हुसेन निजामशहाच्या वेळचे, आणि तुम्हाला त्याच्याही आधी निम्मं शतक मागं जायचंय. साल धरा १५०५. सीना नदी तेवढी राहू द्या.

तिच्या डाव्या तीरावरचं शहर अजून नवंकोरं आहे. १४९४ साली मलिक अहमदनं ते वसवायला घेतलं, आणि दोनच वर्षांत ते बगदाद-कैरोशी बरोबरी करू लागलं, असं पुढं इतिहासकार फरिश्ता लिहिणार आहे. इतिहासकारांना थोडी मोकळीक द्यावी लागते. पण रस्त्यात गर्दी आहे हे खरं. दखनी आहेत, हबशी आहेत, समुद्रापलीकडून आलेले इराणी-तुर्क आहेत, मराठे शिलेदार आहेत. मुसलमानी शहरात मदरसे असायचे तिथं इथं मोहल्ल्यामोहल्ल्यात तलवारबाजीच्या तालमी निघाल्यात. बैठकीत दुसरा विषय नाही. जो तो आपल्या हाताची बढाई मारतो आणि दुसऱ्याच्या हाताला हसतो.

सरावाच्या लाकडीवर लाकडी आपटल्याचा आवाज येतोय त्या दारातून आत शिरा. अंगरखा काढा, कंबर कसा. उस्ताद तुमच्याकडे नीट बघतही नाही, एक लाकडी तुमच्या अंगावर टाकतो. तुम्ही ती घट्ट आवळता आणि तिथंच पहिली शिवी खाता. मग सगळा वेळ पायांवर जातो. पवित्रा घ्या, मोडा, पुन्हा घ्या. "हाताकडं काय बघतोस? पाय बघ!" शेजारचा पोरगा तुमच्याहून लहान आहे आणि त्याच्या हुलीला तुम्ही दरवेळी फसता. संध्याकाळपर्यंत मांड्या भरून येतात. जगात कुठंही कोणतीही लढाऊ विद्या शिकायला जा, सुरुवात अशीच होते.

बाहेर एकदम शांतता पसरली तर दाराशी या. अहमद निजामशहा, म्हणजे तोच मलिक अहमद, घोड्यावरून चाललाय. तुम्ही कितीही वाकून मुजरा करा, तो तुमच्याकडे बघणार नाही. दुसऱ्याच्या बायकोवर नजर पडू नये म्हणून शहरातून जाताना तो डावीउजवीकडे पाहतच नाही. पाथरीच्या ब्राह्मण घरात जन्मलेल्या मलिक हसनचा हा मुलगा. १४९० साली त्यानं बहमनी फौज मोडली आणि स्वतःचं राज्य उभं केलं. तलवारीत त्याचा हात पक्का. या सगळ्या वेडाचं मूळ तोच आहे: राजाला जे आवडतं ते शहराला आवडू लागतं.

दुसऱ्या दिवशी दरबारात चला. दोन जवानांचा वाद लागलाय, कुणाचा हात सरस? निवाडा राजासमोर. आधी घाव घालेल तो जिंकला, त्याला बक्षीस. पहिले काही दिवस हे बघायला मजा वाटते. मग रोज दोनतीन प्रेतं उचलली जाऊ लागतात. राजाला ते बघवेना. त्यानं बंदी मात्र घातली नाही. माझ्या समोर नको, एवढंच म्हणाला. किल्ल्याजवळच्या मैदानातल्या काळ्या चबुतऱ्यापाशी लढा, मध्ये कुणी पडायचं नाही, आणि कुणी मेला तर त्याच्या माणसांनी सूड मागायचा नाही. म्हणजे डोळ्याआड केलं आणि वर कायद्याचं संरक्षण दिलं. हा राजा एरवी मला आवडतो, पण इथं तो चुकला.

त्या मैदानात उभे राहा. हुलीत तुम्हाला फसवणारा तो पोरगा समोरून येतोय, आता त्याच्या हातात लाकडी नाही. बघायचं नसेल तर शंभर वर्षं पुढं या.

विजापूर, १६०१च्या आसपास. भर बाजारात क्षुल्लक कारणावरून भांडण पेटलंय. एका बाजूला पांढऱ्या दाढीचे दोन सय्यद भाऊ, दुसऱ्या बाजूला तसेच वयस्कर तीन दखनी भाऊ. सय्यदांपैकी एकाचा विशीतला मुलगा आधी पडतो, मग बाप, मग चुलता, आणि समोरचे तिघेही वाचत नाहीत. गर्दीत मुहम्मद कासिम फरिश्ता आहे. लहानपणी तो बापाबरोबर नगरला आला, निजामशाहीत वाढला, १५८९ साली विजापूरला गेला. नगरहून निघालेली ही चाल सगळ्या दख्खनभर पसरली, हे तोच लिहून ठेवतो. दखन्यांची तलवार अजोड, पण सराव सगळा पायी. घोड्यावरच्या परक्या फौजेपुढं त्यांचं चालत नाही, आपसातल्या भांडणात मात्र सिंह, असा त्याचा निवाडा. बोचरा आहे, पण घरच्या माणसाचा आहे.

त्याच्या या वर्णनात राजाचं नाव आहे, मेलेल्यांची नावं आहेत. उस्ताद एकही नाही.

आता नकाशावर चीनच्या हनान प्रांतातलं चेन गाव शोधा. तिथल्या ताई चीची परंपरा सतराव्या शतकातल्या चेन वांगटिंगपासून सांगितली जाते, आणि गुरूंची नावं पिढीवार हजर आहेत. चौदाव्या पिढीतल्या चेन चांगशिंगनं यांग लुचान या बाहेरच्या माणसाला शिकवलं, त्यानं ती विद्या बीजिंगला नेली, त्याचा नातू यांग चेंगफूनं ती संथ करून सर्वसामान्यांच्या हाती दिली. २०२०मध्ये युनेस्कोच्या यादीत तिचं नाव आलं. तीही लढायचीच विद्या. पण तिथं जोर अजमावायला दोघं मनगटाला मनगट लावून एकमेकांना ढकलतात. ज्याचा तोल जातो तो हसून पुन्हा उभा राहतो आणि म्हातारपणी शिकवायला उरतो. नगरला साठीत उस्ताद झाले असते ते विशीतच काळ्या चबुतऱ्यावर संपले. मग गुरूनं विद्या द्यायची कुणाला, आणि गुरूचं नाव सांगायचं कुणी? माझ्या मते नगरची परंपरा परीक्षेनंच बुडवली.

कुस्ती टिकली, कारण तिथं पाठ टेकली की डाव संपतो. २०२५च्या फेब्रुवारीत याच नगर शहरात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. पृथ्वीराज मोहोळनं गदा जिंकली. पंचांच्या निर्णयांवरून आखाड्यात मोठा गदारोळ झाला, दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. मेलं कुणी नाही.