पेटीशेजारची बाटली

कमी दिवसांचं बाळ जन्माला आलं की घरी निरोप जातो, ‘बाळाला पेटीत ठेवलंय.’ त्या काचेच्या पेटीला किंवा उघड्या वॉर्मरला एक छोटी बाटली अडकवलेली असते. बाळाला हात लावण्याआधी सिस्टर तिचं झाकण दाबतात आणि तळहातावर आलेला द्राव बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती, नखांपाशी चोळतात. वीस-तीस सेकंदांत हात कोरडे होतात. पुढच्या बाळाकडे जाताना पुन्हा तेच. रुग्णालयात याला हँड रब म्हणतात. या एवढ्याशा बाटलीमागे पावणेदोनशे वर्षांचं कुळ आहे, आणि त्यातली एक निर्णायक पिढी नवजात बाळांच्याच वॉर्डात घडली.

मूळपुरुष डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस. १८४७ साली व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतरोगानं कितीतरी जास्त बायका मरत होत्या. हे विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला येत. सेमेलवाइसनं त्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा असलेले मृत्यू जूनमध्ये दोनाच्या आसपास आले. तरी डॉक्टरांचेच हात मरण वाहून नेतात, हे त्याच्या बहुतेक वरिष्ठांना पटलं नाही. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला.

पुढे जंतुशास्त्र आलं, पेनिसिलिन आलं, आणि हातांची चिंता मागे पडली. तिनं पुन्हा डोकं वर काढलं ते १९५०च्या दशकात. पेनिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस या जंतूचा एक वाण, ‘८०/८१’, ऑस्ट्रेलियातल्या नवजात बाळांच्या वॉर्डांत प्रथम ओळखला गेला आणि जगभर पसरला. निरोगी जन्मलेल्या बाळांच्या अंगावर फोड येत, रक्तात जंतू शिरत, आयांच्या स्तनांत गळवं होत. हा जंतू एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? हवेतून, कपड्यांतून, की हातांतून?

याचं उत्तर मिळालं अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये. एडवर्ड मॉर्टिमर, चार्ल्स रॅमलकॅम्प आणि सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या वॉर्डात पद्धतशीर प्रयोग केला. अंगावर जंतू असलेल्या बाळाला हाताळून, हात न धुता परिचारिकांनी ज्या बाळांना उचललं, त्यांना जंतू अधिक प्रमाणात आणि लवकर चिकटला. हेक्साक्लोरोफीन या जंतुनाशकानं हात धुऊन आलेल्या परिचारिकांच्या बाळांना तो कमी लागला. नुसत्या हवेतून होणारा प्रसार त्यामानानं किरकोळ ठरला. जाणूनबुजून हात न धुण्याचा असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण सेमेलवाइसच्या म्हणण्याला पुरावा मिळाला तो या तान्ह्या बाळांकडून.

त्याच हेक्साक्लोरोफीननं दुसरा धडा महागात शिकवला. त्या काळी साथ रोखायला बाळांना सर्रास त्याच्या द्रावणानं आंघोळ घालत. कोवळ्या त्वचेतून ते रक्तात उतरतं आणि मेंदूला इजा करतं, हे पुढे उघड झालं. १९७२ साली फ्रान्समध्ये पावडरीत चुकून मिसळल्या गेलेल्या हेक्साक्लोरोफीननं ३६ मुलं दगावली. त्याच वर्षी अमेरिकेनं त्याच्या वापरावर कडक बंधनं घातली. साथ रोखण्याचा भार बाळाच्या कातडीवर टाकता येत नाही, तो सांभाळणाऱ्या मोठ्यांच्या हातांनीच उचलायला हवा, एवढं यातून पक्कं झालं.

पण हात धुवायचे कधी? अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला तासाला वीसएक वेळा तरी हात स्वच्छ करावे लागतात. बेसिनपर्यंत जायचं, साबण लावायचा, पुसायचं, परत यायचं. १९९७ साली आंद्रेआस फॉस आणि आंद्रेआस विडमर यांनी हिशेब मांडला: सगळ्यांनी नियम पूर्ण पाळला, तर अशा एका विभागात एका दिवसपाळीत परिचारिकांचे मिळून १६ तास हात धुण्यात जातील. खाटेशेजारी अल्कोहोल ठेवलं तर ३ तास पुरतील. म्हणजे दोष आळसाचा नव्हता, अंतराचा आणि वेळेचा होता.

अल्कोहोलचा द्राव नवा नव्हता. १९६५ साली हॅम्बुर्गमध्ये ‘स्टेरिलियम’ बाजारात आलं होतं. १९७०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्गच्या रुग्णालयात औषधनिर्माते विल्यम ग्रिफिथ्स यांनी आपलं मिश्रण बनवलं होतं. जिनिव्हाच्या रुग्णालयात डॉ. दिदिए पिते यांनी असाच द्राव थेट खाटेपाशी नेला. १९९४ ते १९९७ दरम्यान तिथे हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं, रुग्णालयात जडणारे संसर्ग १९९८पर्यंत १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर आले. मेथिसिलिन या प्रतिजैविकालाही दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचा फैलावही निम्म्याहून खाली गेला.

मग जागतिक आरोग्य संघटनेनं सूत्र सगळ्यांसाठी खुलं केलं: ८० टक्के इथेनॉल, हाताची कातडी फुटू नये म्हणून थोडं ग्लिसरॉल आणि द्रावातले बीजाणू मारायला किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड. पाणी मुद्दाम ठेवलेलं, कारण जंतूंची प्रथिनं गोठवायला अल्कोहोलला पाण्याची साथ लागते. रुग्णालयाच्या औषधशाळेतही हे बनवता येतं. २०२०मध्ये महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या सॅनिटायझर बनवू लागल्या, तेव्हा उसाची मळीही या कुळात सामील झाली.

आपल्याकडे याची निकड किती आहे? दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान १३,५३० नवजात बाळांचा अभ्यास झाला. जंतुदोषात सर्वाधिक सापडला असिनेटोबॅक्टर, आणि त्यातले ८२ टक्के जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. अल्कोहोलला मात्र हा फरक कळत नाही. प्रतिजैविकाला पुरून उरलेला जंतूही त्यानं मरतो. हाताला रक्त वा घाण लागली असेल तर साबण-पाणीच हवं, बीजाणूंनाही अल्कोहोल मारत नाही. आणि स्वच्छ पेटी, आईचं दूध, प्रतिजैविकांचा जपून वापर यांची जागा बाटली घेऊ शकत नाही. पण या सगळ्या काळजीला बाळापर्यंत नेणारे हात तिच्याच भरवशावर असतात.

हात स्वच्छ हवेत, हे १८४७पासून सांगितलं जातंय. ते घडलं तिथेच, जिथे सोय हाताशी आली. म्हणून बाळं दगावली की सिस्टरना दटावण्याआधी विचारावं: एका सिस्टरकडे किती बाळं होती? प्रत्येक पेटीशी बाटली होती का, आणि ती भरलेली होती का? नवं प्रतिजैविक तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात. बाटली भरून ठेवायला खरेदी-यादीतली एक ओळ पुरते. ती ओळ कुठल्याही टंचाईत खोडली जाऊ नये.