चार हातांपर्यंत अर्धेअर्धे

1992 च्या हिवाळ्यात इस्राएलात पाऊस इतका झाला की, रामले येथील आमच्या घरामागचे जुने लाकडी कुंपण एका रात्रीत आडवे झाले. शेजारी मोरोक्कोहून आलेले एक वृद्ध गृहस्थ राहत. मी रात्रपाळी करून घरी आले, तो ते चिखलात उभे राहून फळ्या मोजीत होते. नवे कुंपण चांगले उंच करावे अशी माझी इच्छा होती, कारण दिवसा झोपणाऱ्या नर्सला आडोसा लागतो. त्यांनी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत आपला हात मला दाखविला आणि म्हणाले, "असे चार. तेथपर्यंत अर्धे पैसे माझे. त्यावरचे तुझे."

मला वाटले, म्हातारा चिक्कू आहे. तो हिशेब त्यांच्या पदरचा नसून अठराशे वर्षांचा आहे, हे मला पुढे मिश्ना उघडली तेव्हा समजले.

रब्बी येहूदा हनासी यांनी इ. स. 200 च्या सुमारास मिश्ना संकलित केली. तिच्यातील 'बावा बात्रा', म्हणजे 'शेवटचे दार', या भागाचा आरंभच मुळी शेजाऱ्यांच्या भिंतीने होतो. एका अंगणाचे दोन भागीदार मध्ये आडभिंत घालू इच्छितात. ती हद्दीच्या मधोमध उभी राहावी आणि जागा दोघांनी सारखी द्यावी, असा नियम आहे. भिंत कशाची, हे त्या गावचा रिवाज ठरवील. ओबडधोबड दगडांची असेल तर प्रत्येकाने तीन मुठी रुंदीची जागा सोडायची, घडीव दगडांची असेल तर अडीच मुठी, अर्ध्या विटांची असेल तर दोन आणि सबंध विटांची असेल तर दीड. आपल्याकडे गवंडी जसा मुठीने नि हाताने मोजीत असे, तसेच हे माप आहे. तेथील 'अम्मा' म्हणजे आपला हातच. दोघांनी मिळून बांधली म्हणून भिंत कोसळली तर जागाही दोघांची आणि दगडही दोघांचे.

पुढचा नियम मला फार आवडला. अंगणातील भिंत पडली तर चार हात उंचीपर्यंत ती पुन्हा बांधण्यास दोघेही बांधलेले आहेत. आता समजा, एकाने ती बांधली आणि नंतर तो म्हणू लागला की, शेजाऱ्याने आपला वाटा दिलाच नाही. शेजारी म्हणतो, दिला. खरे कोणाचे मानावे? मिश्ना म्हणते, शेजाऱ्याने दिला असेच धरून चाला. नाही दिला म्हणणाऱ्याने पुरावा आणावा. चार हातांचे कर्तव्य सर्वांच्या परिचयाचे, तेव्हा माणसाने ते पार पाडले असेल असे गृहीत धरायचे. त्याहून उंच भिंतीची मात्र सक्ती नाही. ती ज्याला हवी त्याने स्वतःच्या पैशाने उभारावी. पण पलीकडच्याने त्या उंच भिंतीसमोर आपली दुसरी भिंत उभी केली, म्हणजे मध्ये छप्पर टाकण्याची सोय केली, की त्यावर छप्पर चढण्याआधीच वरच्या भागाचा वाटा त्याच्या अंगावर येतो. आणि येथे गृहीत उलटे होते: पैसे दिलेले नाहीत असे धरायचे, दिले असतील तर त्याने सिद्ध करावे.

मळ्याबागांचा नियम वेगळा आहे. जेथे कुंपणाचा रिवाज आहे तेथे सक्ती. उघड्या शेतात रिवाज नसेल तर सक्ती नाही. एकट्यालाच कुंपण हवे असेल तर त्याने आपल्या हद्दीत मागे सरून ते घालावे आणि बाहेरच्या अंगाला खूण ठेवावी, म्हणजे पुढे ते कोणाचे यावर तंटा नको.

घराच्या अंगणात एवढी सक्ती का, यावर तालमूदमध्ये बराच खल आहे. अखेर मान्य झालेले मत असे की, दुसऱ्याच्या अंगणात सतत नजर पडणे हीसुद्धा इजाच आहे. 'हेझेक रेइया', नजरेने होणारे नुकसान, असे तिला नाव आहे. वकिलांना हे सूक्ष्म वाटत असेल. मी वर्षानुवर्षे वॉर्डात दोन खाटांमधला पडदा ओढीत आले आहे. अंग पुसून घेताना पडदा अर्धवट राहिला तर रोग्याचा चेहरा कसा होतो, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. बाराव्या शतकात रांबाम यांनी आपल्या ग्रंथात शेजाऱ्यांचे नियम स्वतंत्र प्रकरणात घातले आणि सोळाव्या शतकात सफेद येथे रब्बी योसेफ कारो यांनी 'शुलहान आरुख'मध्ये ते पुन्हा मांडले.

कोकणात आपल्या पूर्वजांनी शाब्बाथ, सुंता आणि शेमा सांभाळले, पण तालमूद त्यांच्या हाती नव्हता. अलिबाग तालुक्यात आमची नारळ-सुपारीची लहानशी वाडी होती. तिला दरवर्षी पावसाळा सरला की वई घालावी लागे: शेराचे खुंट, मध्ये बांबूच्या काठ्या, करवंदीच्या काटेरी फांद्या आणि हे सर्व बांधायला सुंभ. अर्धी लांबी आमची, अर्धी शेजारच्या तात्यांची. लिहून काही ठेवलेले नसे. एका वर्षी गड्याची मजुरी बाबांनी दिली आणि तात्यांचा वाटा आला की नाही यावर दोघांची बोलाचाली झाली. पुढच्या वर्षी वई कोणीच घातली नाही. भात कापून झाल्यावर गुरे मोकाट सुटतात. तात्यांची गाय आमच्या वांग्यांत शिरली आणि बाबांनी ती कोंडवाड्यात घातली. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने चालत आलेला तो कोंडवाडा! दंड किती झाला ते मला आठवत नाही, पण एका वर्षाच्या वईपेक्षा जास्त झाला हे आई नेहमी सांगे. 1977 साली आम्ही इस्राएलला निघालो तेव्हा सारा गाव एस. टी.पर्यंत आला होता. तात्या आपल्या ओटीवर पाठ करून बसले होते. बाबाही त्या बाजूला वळून पाहिना. रात्री कधी मी हिशेब मांडते: वई चार हातांहून उंच नव्हतीच, आणि मागणारे बाबा होते. मिश्नेप्रमाणे तात्यांनी पैसे दिले असेच धरावे लागले असते.

इस्राएलात जमिनीचे तंटे मिश्नेवर चालत नाहीत. तुर्कांनी 1869 ते 1876 या काळात तयार केलेली 'मेजेल्ले' ही दिवाणी संहिता इंग्रजी अमलातही राहिली आणि नंतरही, हळूहळू झिजत. ती पुरती रद्द झाली 1984 साली. हद्दीवरच्या भिंतीकुंपणांपुरते पाहायचे तर आज 1969 चा जमीन कायदा लागू आहे. दोघांच्या उपयोगाची भिंत, कुंपण किंवा झाड हद्दीवर असेल, तर उलट पुरावा नसेतोवर ते दोघांच्या सामाईक मालकीचे मानावे आणि नीट राखण्याचा खर्च दोघांनी सोसावा, असे त्यात आहे. चार हातांचा उल्लेख नाही. म्हणजे माझ्या शेजाऱ्यांना तो हिशेब कोणी लावला नव्हता. ते त्याच हिशेबाने वागत आले होते.

कुंपण झाले. चार हातांपर्यंतचे अर्धे त्यांनी सुताराच्या हातावर ठेवले, वरच्या फळ्या मी घातल्या. तीन-चार वर्षांनी त्यांच्या बाजूचा पॅशनफ्रूटचा वेल वर चढत माझ्या फळ्यांवर पसरला. एका शुक्रवारी दुपारी ते पाकीट घेऊन दारात उभे राहिले. वेलाची फळे आम्हीही खातो, पैसे कसले, असे मी म्हटले; ते ऐकेनात. शेवटी मी पाकीट घेतले आणि चहाला बसा म्हटले. ते बसले नाहीत. दारातच थांबून त्यांनी पावती मागितली. हे पैसे चार हातांच्या वरचे होते ना!